मैत्री बाकावर बसण्याबाबत

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी दहाच्या जरा पुढे, अस्मिता आरोहीशी बोलली. दोनच शब्द, पण बोलली. तेवीस दिवसांनी.

हे आता विसरून जा. असं काही घडलेलं नाही. शाळेच्या नोंदवहीत त्या बुधवारसमोर सुशांत सरांनी 'निरंक' लिहून खाली सही केली आहे, आणि अस्मिता तर 'मी पयली बोलूक नाय' म्हणून आजही कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. इतक्या लोकांना खोटं पाडण्यात अर्थ नाही. तेव्हा कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, तिथून सुरू करू.

देवबागात अबोला धरणं सोपं नाही. गाव म्हणजे एक वाळूची पट्टी. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मध्ये एक रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, माड आणि 'रूम मिळेल'च्या पाट्या. रुंदी एवढीच की समुद्राकडच्या घरात माशाच्या तिकल्याला उकळी आली की खाडीकडचा माणूस भात वाढून घेतो. अशा गावात एखाद्याचं तोंड न बघता दिवस काढायचा, तर दोघांपैकी एकाला मासा व्हावं लागेल.

आरोही आणि अस्मिताने त्यावर तोडगा काढला होता, तोही एकमेकींशी न बोलता. पहिल्या दिवशी आरोही रागाने पुळणीवरून, म्हणजे समुद्राच्या वाळूतून, शाळेत गेली. अस्मिता खाडीच्या कडेने गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवसापासून तो कायदाच झाला. समुद्र आरोहीचा, खाडी अस्मिताची. दुकान मधोमध होतं, म्हणून तिथे आरोही सकाळी आणि अस्मिता संध्याकाळी. एकदा आरोहीच्या पेनातली शाई संध्याकाळी संपली. तिने इतिहासाचा सगळा अभ्यास पेन्सिलीने लिहिला, पण हद्द ओलांडली नाही.

शाळेत मात्र हद्दच नव्हती. शाळा सातवीपर्यंतच, पटावर चौदा पोरं, आणि त्यांतली सातवीत दोनच: आरोही लवू कुबल आणि अस्मिता सत्यवान तारी. सातवीला बाकही एकच. आरोहीने मध्ये दप्तर ठेवलं, अस्मिताने त्यावर आपलं ठेवलं, आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंनी सातवीचा अख्खा वर्ग समोर फळ्याकडे बघत बसायचा. खालच्या वर्गांनीही आपापली बाजू निवडली. पाच जण समुद्राकडून यायला लागले, सहा खाडीकडून. पाचवीतल्या स्वरूपला दोघीही बऱ्या वाटायच्या. तो एकटा रस्त्याच्या मधून चालायचा आणि पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न खायचा.

भांडण कशावरून, असं विचारलं की दोघीही म्हणायच्या, 'कंपास.' आरोहीने आपला कंपास अस्मिताकडून परत मागितला होता, सगळ्यांसमोर, 'माझो कंपास दी' असं तोडून. तिसरीपासून तो दोघींचा होता. अस्मिताने तो दिला, आत एक कर्कटक कमी नाही हे उघडून दाखवलं, आणि तोंड मिटलं. तिच्या दृष्टीने भांडण तिथे सुरू झालं. खरं म्हणजे ते आदल्या दिवशीच झालं होतं, आणि ते तिला माहीतच नव्हतं.

देवबागात बातमी पाटीतून येते. कृष्णाबाई सकाळी म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन गावाच्या वरच्या टोकापासून निघते, दर घराशी टेकते, बांगडे मोजून देते आणि मागच्या घरची बातमी न मोजता देते. आरोहीचं घर पार शेवटाला, जिथे जमीन संपते आणि खाडी समुद्राला मिळते. आरोहीचा बाप लवू रापणीच्या जाळ्याचा माणूस, त्याच्या घरात मासे कोण विकणार? कृष्णाबाई तिथे नुसती पाणी प्यायला बसते. त्या दिवशीही बसली.

"गो आरोही, तुझी अस्मिता कुडाळाक चल्ली मां?"

"बाजाराक?"

"बाजाराक कशाक? शिकूक. आठवीक. आतयेकडे ऱ्हवतली. परीक्षा झाली काय मे म्हयन्यात जातली." कृष्णाबाईने तांब्या खाली ठेवला. "तुका ठावक नाय?"

"ठावक आसा," आरोही म्हणाली.

मग तिने चौकशी केली. रस्त्यावरच्या सगळ्या घरांना ठाऊक होतं. दुकानदाराला ठाऊक होतं. अस्मिताच्या घरी खोली घेऊन राहिलेल्या पुण्याच्या काकू, ज्या देवबागात शनिवारी आल्या होत्या आणि सोमवारी जाणार होत्या, त्यांनीसुद्धा आरोहीला थांबवून म्हटलं, "अगं, तुझी मैत्रीण चालली ना कुडाळला? तू पण छान अभ्यास कर हं." दोन रात्रींच्या पाहुण्यांना ठाऊक, आणि बालवाडीत एकाच डब्यातली भाकरी खाल्लेल्या आरोहीला नाही.

तेव्हा तिने ठरवलं. आपण विचारायचं नाही. अस्मिताने स्वतः यावं, स्वतःच्या तोंडाने सांगावं. मग पुढचं बघू. पण आता फेब्रुवारी अर्धा संपला होता, एप्रिलात परीक्षा होती, आणि मे महिना रोज एक दिवस जवळ येत होता. या एका बाबतीत मे महिन्याने कधी खाडा केला नाही.

आरोहीचे पाय थाऱ्यावर राहिनात. बाकाखाली ते आपोआप हलायचे, आणि बाक एकच असल्यामुळे पलीकडे अस्मिताचं अक्षर वाकडं यायचं. अस्मिता काही बोलायची नाही. खोडरबर घ्यायची, खोडायची, पुन्हा लिहायची.

अशा वेळी सुशांत सर प्रशिक्षणाहून परत आले.

सुशांत सर मूळचे पिंगुळीचे, वय सव्वीस, नोकरीचं दुसरं वर्ष, आणि सांगितलेलं काम खरोखर करायचं असतं असं मानणारे. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं: शाळकरी मुलांमध्ये निकोप मैत्री आणि सामाजिक कौशल्ये. येताना त्यांनी बेचाळीस पानांची पुस्तिका आणली आणि पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: 'जेव्हा तू अमुक करतोस, तेव्हा मला तमुक वाटतं.'

"राग आला तर भांडायचं नाही. असं वाक्य बोलायचं," सर म्हणाले. "कोण सांगतं?"

स्वरूप उभा राहिला. "सर, जेव्हा सर्वेश माझी चिंच खाता, तेव्हा माका वाटता तेका खाडयेत ढकलूचो."

"स्वरूप, ही भावना नाही. ही कृती आहे."

"व्हय सर. म्हणान तर अजून ढकलूक नाय."

सरांनी त्याला शाबासकी द्यायची की बसवायचं, हे पुस्तिकेत शोधलं. सापडलं नाही.

पुस्तिकेच्या सतराव्या पानावर मैत्री बाक होता. शाळेच्या अंगणात एक बाक ठेवायचा. मधल्या सुट्टीत ज्याला खेळायला कुणी नाही, त्याने त्यावर बसायचं. त्या दिवसाच्या मैत्रीदूताने लगेच तिथे जाऊन विचारायचं, 'आमच्यासोबत खेळायला येतोस का?' आणि नोंदवहीत लिहायचं: नाव, कारण, परिणाम. सरांनी वर्गातला एक मोडका बाक ठोकून घेतला, पिवळा रंगवला आणि फाटकाजवळच्या उंडीच्या झाडाखाली ठेवला.

"ठेवा," मुख्याध्यापिका विमलाबाई म्हणाल्या. त्यांना निवृत्तीला अडीच महिने उरले होते. "फक्त पाऊस आला की आत कोण आणणार, तेवढं आत्ताच ठरवा."

पहिल्या दिवशी बाकावर कुणी बसलं नाही. सर काळजीत पडले. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि सगळ्या पोरांच्या लक्षात आलं की अंगणातली एकमेव सावली बाकावर आहे. चौदांपैकी अकरा जण जाऊन बसले. मैत्रीदूत सर्वेशसुद्धा बसला, आणि त्याने स्वतःला विचारलं, 'खेळायला येतोस का?', आणि स्वतःच 'नाय' म्हणून सांगितलं. सरांनी प्रामाणिकपणे आकडा वर कळवला. दुपारी तालुक्याहून फोन आला, की तुमच्या शाळेत अठ्ठ्याहत्तर टक्के एकाकीपणा आहे, पाण्यात काही दोष आहे का?

मग नियम कडक झाले. एका वेळी एकच जण. सावलीसाठी बसणं बंद. आणि प्रत्येक वाराला ठरलेला मैत्रीदूत, छातीवर पिवळी पट्टी लावून. सोमवार सर्वेश, मंगळवार स्वरूप. यादी भिंतीवर चिकटली तेव्हा आरोहीने ती तीनदा वाचली.

बुधवार: अस्मिता तारी.

म्हणजे बुधवारी आपण बाकावर बसलो, की अस्मिताला यावंच लागेल. नियमच तसा आहे. यावं लागेल, समोर उभं राहावं लागेल, 'आमच्यासोबत खेळायला येतेस का?' म्हणावं लागेल. आणि मग आरोही फक्त एवढंच म्हणणार होती: "खंय? कुडाळाक?"

हे उत्तर तिला इतकं आवडलं की मंगळवारी रात्रीपर्यंत तिने ते माडाला, मांजराला आणि विहिरीला ऐकवून पाहिलं. विहिरीने तेच परत ऐकवलं, पण तिचा सूर जास्त बरा लागला. एकच गोष्ट डाचत होती. पट्टी लावली म्हणून आली, तर ते येणं धरायचं की नाही?

बुधवारी मधल्या सुट्टीची घंटा संपायच्या आत आरोही बाकापाशी होती. बाकावर कृष्णाबाई बसली होती. शेजारी रिकामी पाटी, पाय वर घेतलेले.

"आजये, ऊठ गो! ह्यो बाक एकट्या माणसांचो आसा."

"मगे मी काय वराती वांगडा इलंय?"

"तसा नाय गो. शाळेतल्या पोरांचो. सर रागावतले."

"रागावांदेत. माझे पाय गेले चलान चलान. तू बस हय, जागा आसा."

आरोही टोकाला टेकली. एका वेळी एकच, हा नियम तिला ठाऊक होता, पण आता उठून जायलाही पाय तयार नव्हते. समोरून अस्मिता आली. छातीवर पट्टी, हातात नोंदवही, पाठ ताठ. बाकापाशी आली आणि थांबली. बाकावर दोघी. नियमाप्रमाणे जी आधी बसली ती.

अस्मिताने आरोहीच्या डोक्यावरून कुठेतरी समुद्राकडे बघितलं, मग कृष्णाबाईकडे वळून पुस्तकातल्या मराठीत म्हणाली, "आपण आमच्यासोबत खेळायला येता का?"

कृष्णाबाई गप्प झाली. गावाने तिला गप्प झालेलं तिच्या नवऱ्याच्या तेराव्यालाही पाहिलं नव्हतं.

"माका इचारतंस?"

"हो."

"सत्तर वर्सां झाली गो," कृष्णाबाई म्हणाली, "भाव सोडून माका कोणी कायएक इचारूक नाय." तिने कासोटा घट्ट केला आणि उठली. त्या दिवशी लंगडीत कृष्णाबाईने पाच गडी बाद केले, त्यांत दोन सातआठ वर्षांचे होते आणि एक सुशांत सर. घंटा झाली तरी ती मैदान सोडेना. नोंदवहीत अस्मिताने सुबक अक्षरात लिहिलं: नाव, कृष्णाबाई. कारण, पाय दुखणे. परिणाम, समाधानकारक.

आरोही घंटा होईपर्यंत बाकावरच होती. मध्ये एकदा अस्मिताने इकडे बघितलं. पण ते आरोहीकडे की बाकाकडे, हे शेवटपर्यंत ठरेना. रंग पिवळा होता, कुणीही बघितलं असतं.

पुढचा बुधवार शिमग्याच्या सुट्टीत गेला. आरोहीला शिमगा आवडायचा, पण या वर्षी तो कुणीतरी मुद्दाम बुधवारीच आणून ठेवल्यासारखा वाटला. तीन दिवस ती घरातून पुळणीवर आणि पुळणीवरून घरात करत राहिली. ओटीवर बसून जाळं तुणणाऱ्या लवूने शेवटी सुई खाली ठेवली.

"गो, तुझ्या पायांक भोवरो लागलो हा काय? बस मरे जरा."

"बसलंय."

"उभी आसंस. अस्मिता खंय? दिसणा नाय ती."

"तिका काम आसा."

"बारा वर्सांच्या चेडवाक कसला काम?"

"बॅग भरूचा," आरोही म्हणाली आणि पुन्हा पुळणीवर गेली.

हे तिने उगाच नव्हतं म्हटलं. आदल्या संध्याकाळी ती पहिल्यांदा हद्द ओलांडून खाडीकडे गेली होती. अस्मिताच्या घराच्या अलीकडे माडाआड उभी राहिली. नुसतं बघून यायचं होतं. पडवीत खुर्चीवर एक नवी निळी बॅग होती, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. अस्मिता खुर्चीशेजारी जमिनीवर बसून पुस्तक वाचत होती. खुर्ची बॅगेला दिली होती. आरोही आली तशी मागे फिरली, आणि रात्री जेवताना आईने वाढलेला सुरमईचा तुकडा तिने तीनदा या कडेचा त्या कडेला केला.

मार्च लागला होता, शाळा सकाळची झाली होती. दुसऱ्या बुधवारी आरोही साडेसातच्या प्रार्थनेला एवढी आधी पोचली की फाटक बंद होतं. ती कुंपणावरून आत गेली. आणि तिने बाक पाहिला.

बाकाला नवा रंग दिला होता. गुरुवारी तालुक्याचे साहेब बाक पाहायला येणार होते, म्हणून सर पहाटेच येऊन रंगवून गेले होते. वर पुठ्ठा लावला होता: 'रंग ओला आहे. बसू नये. एकटे वाटल्यास शेजारी उभे राहावे.'

आरोहीने बोट लावून पाहिलं. बोट पिवळं झालं.

मधल्या सुट्टीत ती शेजारी उभी राहिली. पुठ्ठ्यावरच्या सूचनेप्रमाणे. ऊन थेट तोंडावर येत होतं, उंडीची सावली नेमकी बाकापुरतीच होती. अस्मिता पट्टी लावून बाहेर आली, दहा पावलांवर थांबली, पुठ्ठा वाचला. आरोहीने ओठ ओले केले. 'खंय? कुडाळाक?' तयार होतं, अगदी दातांमागे.

अस्मिता वळली आणि सरांकडे गेली.

"सर, उभा राहिलेला माणूस बसलेला धरायचा का?"

सर खरोखर विचारात पडले. त्यांनी पुस्तिका उघडली. सतरावं पान, अठरावं पान. "बसण्याचा उद्देश महत्त्वाचा," ते म्हणाले, "पण नोंदीत 'बसला' असा शब्द आहे. थांब, बघू." अस्मिता पुस्तिकेत डोकावत उभी. आरोही उन्हात उभी. तिच्या मनात आलं की आता ओरडावं, रंगाचा डबा उचलून ओतावा, निदान पाय तरी आपटावा. पायांनी तेवढं केलं.

तेवढ्यात पुळणीवरून हाळी आली. "ओढूक येवा रे! रापण! येवा!"

रापण म्हणजे काय, हे देवबागात कुणी कुणाला शिकवत नाही. होडी भलंमोठं जाळं समुद्रात अर्ध्या गोलात सोडत जाते. एक दोर इथे पुळणीवर, दुसरा दोर तिकडे लांब, दोन हाकांच्या अंतरावर. दोन्ही दोरांवर माणसं लागतात आणि जाळं किनाऱ्याला ओढतात. ज्याने दोराला हात लावला, त्याला वाटा. मग तो म्हातारा असो, पर्यटक असो की शाळेतलं पोर. आणि दोर हातात असताना भांडण काढायचं नाही, कारण एकाने हात सोडला की सगळ्यांच्या तळव्यांची साल निघते. हाळी आली की शाळेची मधली सुट्टी आपोआप वाढते. विमलाबाईंनी तीस वर्षांत हे लेखी कधी दिलं नाही आणि कधी थांबवलंही नाही.

चौदा पोरं आणि एक सर धावत सुटले. आरोहीने सवयीने आपल्या अंगाचा दोर धरला. अस्मिता सवयीनेच उलटी पळाली होती, खाडीवाल्यांना घेऊन. ती पार तिकडच्या दोरावर, एवढी लांब की पिवळ्या पट्टीचा नुसता ठिपका.

मध्ये, कमरेएवढ्या पाण्यात, लवू उभा होता. एकदा इकडे, एकदा तिकडे ओरडत. "ओढा! सैल सोडू नकात! स्वरूपा, दोराक धर, दोर तुका धरता हा!"

दोर ओढणारा उलटा चालतो. पाण्यापासून मागे, मागे, पार सुरूच्या झाडांपर्यंत. तिथे पोचला की हात सोडायचा, पळत पाण्यापाशी यायचं आणि पुढे नव्याने धरायचा. मागे जाताना आरोहीला समोर समुद्र दिसायचा. पुढे पळत येताना मान आपसूक डावीकडे वळायची. ठिपका. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. ठिपक्याला वेण्या फुटल्या. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आता वेणीतली रिबीन दिसत होती.

कारण रापणीची दुसरी गोष्ट अशी, की जाळं जसं जवळ येतं तसे दोन्ही दोर एकमेकांकडे सरकतात. लवू हात करतो आणि इकडची माणसं चार पावलं तिकडे, तिकडची चार पावलं इकडे. जाळ्याचं तोंड मिटायचं असतं. त्याला समुद्राकडची कोण आणि खाडीकडची कोण याच्याशी कर्तव्य नसतं.

आरोहीने पाहिलं की आपण सरकतोय. तिला थांबायचं होतं. नाही, थांबायचं नव्हतं. दोर सोडता येत नव्हता, हे बरं होतं. पन्नास पावलं उरली, मग तीस, मग पंधरा. अस्मिताचा चेहरा लाल, कपाळाला वाळू, पट्टी गळ्याभोवती फिरून पाठीवर गेलेली. ती समोर समुद्राकडेच बघत होती. आरोहीसुद्धा समुद्राकडेच बघत होती. समुद्राला एवढं कधीच कुणी निरखलं नव्हतं.

मग दोन्ही दोर एक झाले, माणसांची गर्दी एकावर एक आली, आणि जाळ्याचं पोट फेसातून वर आलं. बांगडे, तारल्या, पेडवे, सगळं रुपेरी उडणारं. अस्मिता आणि आरोही खांद्याला खांदा लागून, घोट्याएवढ्या पाण्यात, एकच दोर धरून. जाळ्याच्या कडेखालून एक पाकट सुटली आणि शेपटी आपटत सरळ आरोहीच्या पायाकडे आली. पाकटीचा काटा लागला की पायाचा भोपळा होतो आणि माणूस दोन दिवस देवांची नावं घेतो.

"पाय काढ!"

आरोहीने पाय काढला. पाकट फेसात गेली. लवूने तिला वल्ह्याने बाजूला सारलं.

"बोललंस," आरोही म्हणाली.

"बोलूक नाय. सांगलंय."

"बोललंस! सगळ्यांनी आयकला!"

"पाकट इली म्हणान. सर्वेशाचो पाय असतो तरी सांगलंय असतंय."

"सांगूक बरा येता तुका. कुडाळाचा कित्याक सांगूक नाय?"

अस्मिताचा हात दोरावर थांबला. मागून लवू ओरडला, "ओढा गो चेडवांनू!" दोघींनी ओढलं.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कृष्णाबायने. आणि पुण्याच्या बायलेने. गावात कुत्र्यांकसुदीक ठावक होता."

"म्हणान तू कंपास घेतलंस?"

"मगे काय, कंपासाक मी कुडाळाक धाडू?"

अस्मिता काहीतरी पुस्तकातलं बोलायला लागली. "जेव्हा तू कंपास..."

"गप. ओढ."

ओढता ओढता, मान वर न करता, धापा टाकत अस्मिताने सांगितलं. आईने जानेवारीतच ठरवलं होतं. अस्मिताला आधी हसू आलं, मग रात्री उठून ती पडवीत जाऊन बसली. "तुका सांगलंय असतंय तर ता खरा झाला असता," ती म्हणाली. "आवशीक ठावक आसला म्हणान काय होणा नाय. ती दर वर्सा कायतरी ठरयता. तुका सांगला काय झालाच."

आरोहीला यावर बोलायचं होतं. दोन आठवडे तयार ठेवलेलं उत्तर तोंडात शोधलं. कुठे गेलं कोण जाणे.

"माका जावचा नाय," अस्मिता म्हणाली.

"ठावक आसा," आरोही म्हणाली. या वेळी तिला खरोखर ठाऊक होतं.

वाटे घालताना लवूने नेहमीप्रमाणे दोघींना मिळून एकच वाटा दिला. त्या पाच वर्षांच्या असताना त्याने दोन अर्धी माणसं म्हणून एक पूर्ण माणूस धरला होता, आणि पुढे हिशेब बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नऊ बांगडे. दोघी वाळूत त्या ढिगाच्या दोन बाजूंना बसल्या. कुणीच हात पुढे करेना. माशा बसायला लागल्या.

"तू घे पाच," अस्मिता म्हणाली.

"कित्याक? मी हयच आसंय. माका रोज गावतत. तू घे पाच." मग आरोहीचा आवाज अचानक बारीक झाला. "कुडाळाक ताजे गावणत नाय."

त्यानंतर बराच वेळ कुणी बांगड्यांकडे बघितलं नाही. अस्मिता रडत होती आणि वाळूवाल्या हाताने डोळे पुसल्यामुळे आणखी रडत होती. आरोही उठली, बसली, पुन्हा उठली, आणि शेवटी अस्मिताचं दप्तर आणायला म्हणून धावत शाळेकडे गेली. अस्मिता पाठोपाठ धावली. बांगडे स्वरूपने सांभाळले. त्यातला एक नंतर सापडला नाही.

शाळेत सर ओल्या पॅन्टीने नोंदवही भरत होते. दोघी समोर उभ्या राहिल्या, एकदम, दारातून एकाच वेळी घुसण्याच्या प्रयत्नात अडकून सुटलेल्या.

"सर, सातवीत नापास करतात काय?" आरोहीने विचारलं.

"कुणाला?"

"आमका. दोघींक."

सरांनी पेन ठेवलं. त्यांना वाटलं, अभ्यासाची भीती. पुस्तिकेत त्यावर एक अख्खं प्रकरण होतं. "अगं, घाबरू नका. सातवीत नापास करताच येत नाही. तसा नियम आहे."

"कितीय वायट लिवला तरी?"

"कितीही."

"कोरो पेपर दिलो तरी?" अस्मिताने विचारलं. वर्गात पहिली येणारी मुलगी ती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तरीही. हा शासनाचा निर्णय आहे. मी काय, विमलाबाईसुद्धा बदलू शकत नाहीत. त्यासाठी वर अर्ज करावा लागेल."

सरांचं हे शेवटचं वाक्य विनोद होता. सव्वीस वर्षांत त्यांनी केलेला बहुधा पहिलाच. दोघींनी तो विनोद म्हणून घेतला नाही. त्या वर्गातल्या आपल्या बाकावर गेल्या, मधली दप्तरं खाली ठेवली आणि लिहायला बसल्या. अक्षर अस्मिताचं, मजकूर दोघींचा, आणि दोन ठिकाणी माशांचं पाणी:

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब, प्राथमिक विभाग.

अर्जदार: इयत्ता सातवीचा संपूर्ण वर्ग (एकूण विद्यार्थी २).

विषय: चालू वर्षी नापास करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, आम्ही दोघी या वर्षी सातवीत शिकत असून आमचा अभ्यास पूर्ण झालेला आहे. तरीही आम्हाला नापास करून याच शाळेत सातवीच्या वर्गात ठेवण्यात यावे. सातवीत नापास करता येत नाही, असे आमच्या सरांनी तोंडी कळवले आहे. तरी आमच्यापुरता तो नियम एक वर्ष शिथिल करण्यात यावा. आमच्या नापास होण्याने शासनावर कोणताही जादा बोजा पडणार नाही, कारण आम्हाला पुस्तके नकोत, जुनीच चालतील.

एकीलाच नापास केल्यास हा अर्ज रद्द समजावा.

पुढील वर्षी पुन्हा अर्ज करण्याची परवानगी आत्ताच मिळाल्यास आपला व आमचा वेळ वाचेल. निकाल एप्रिलअखेर असल्याने त्यापूर्वी लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
अस्मिता सत्यवान तारी
आरोही लवू कुबल